उताराचं कळलं, वाऱ्याचं काय?

प्रश्न : आमच्या रनिंग ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. २०११ साली बोस्टनला जेफ्री मुटाई २:०३:०२ मध्ये मॅरेथॉन धावला, पण विश्वविक्रम मिळाला नाही. कोर्स (शर्यतीचा मार्ग) मोजलेला असताना हा अन्याय नाही का? आणि अमेरिकेतला याबाबतचा नियम पूर्वी जास्त कडक होता, हे खरं का? — एक वाचक, चिंचवड

उत्तर : अन्याय नाही. पण तुमचा दुसरा तट ‘उताराचा कोर्स’ एवढंच म्हणून गप्प बसत असेल, तर त्यालाही अर्धंच कळलंय.

विक्रमासाठी अंतर बरोबर असून भागत नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा उतार किलोमीटरला १ मीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे मॅरेथॉनला ४२ मीटर. बोस्टनचा आहे सुमारे १४०. दुसरी अट अशी की, सुरुवात आणि शेवट यांच्यातलं सरळ रेषेतलं अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नको. बोस्टनची शर्यत एका गावाहून सुटते आणि जवळजवळ एकाच दिशेनं शहरात शिरते. त्या दिवशी वारा पाठीमागून होता. शंभर मीटरला पाठीचा वारा सेकंदाला २ मीटरच्या वर गेला की विक्रम बाद होतो. बेचाळीस किलोमीटरवर वारा मोजणार कुठे? म्हणून ही दुसरी अट. तिला मी वाऱ्याचा लगाम म्हणतो. (त्याच वर्षी बर्लिनला पॅट्रिक मकाऊनं २:०३:३८ मध्ये विक्रम केला. मुटाईच्या चाहत्यांचा जीव किती जळला असेल!)

आता तुमची ऐकीव गोष्ट. खरी आहे. सुरुवात आणि शेवट यांच्यातल्या अंतराची ही मर्यादा अमेरिकेत पूर्वी शर्यतीच्या ३० टक्के होती, जागतिक नियमात ती ५०. सैल बाजूनं बोलणारे म्हणतात, शहरांना रस्ते मिळत नाहीत, आयोजकांना किती अडवणार? मला ते पटत नाही. मुंबईचं उदाहरण घ्या. फुल मॅरेथॉन सीएसएमटीहून सुटून तिथेच संपते, तिला दोन्ही नियम सारखेच. पण हाफ, म्हणजे २१ किलोमीटरची अर्धी मॅरेथॉन, बरीच वर्षं वरळी डेअरीहून सुटायची. तिथून सीएसएमटी सरळ रेषेत सातआठ किलोमीटर. ५० टक्क्यांची मर्यादा साडेदहा किलोमीटर, ३० टक्क्यांची सव्वासहा. तोच रस्ता, तेच पाय, एका नियमात पास आणि दुसऱ्यात नापास. जानेवारीत उत्तरेचा वारा सुटलाच, तर तो दक्षिणेकडे पळणाऱ्याला ढकलणारच की. मत विचाराल तर मी तिसाच्या बाजूचा.

प्रश्न : माझं घड्याळ प्रत्येक मॅरेथॉनला ४२.६ दाखवतं. वर तुम्ही कोर्स मोजणारे मुद्दाम हजारात एक भाग जास्त घालता म्हणे. उपग्रहाच्या जमान्यात हा नियम काढून का टाकत नाही? — एक धावपटू, कोल्हापूर

उत्तर : घालतो. ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनला ४२ मीटर. तुमच्या घड्याळातले उरलेले साडेतीनशेच्या वर मीटर माझ्या माथी मारू नका. ते तुम्ही वळणावर बाहेरून गेलात त्याचे, आणि उंच इमारतींमध्ये घड्याळ भरकटतं त्याचे.

पाटबंधारे खात्यात मी आयुष्यभर टेप ओढली, त्यामुळे मोजणीवर माझा विश्वास बेताचाच. आधी पोलादी टेपनं ३०० मीटरचा पट्टा आखायचा. सायकलच्या पुढच्या चाकाला जोन्स काउंटर (चाक फिरेल तसे आकडे मोजणारं यंत्र) लावून त्या पट्ट्यावरून चार फेऱ्या, मग कोर्स, मग पुन्हा चार फेऱ्या. किलोमीटरला अकरा हजारांच्या आसपास आकडे पडतात. वळणावर कडेपासून ३० सेंटिमीटरवरून सायकल न्यायची, म्हणजे सर्वांत जवळचा मार्ग मिळतो. पण ऊन चढलं की टायर फुगतो आणि आकडे बदलतात. एकदा तर आयोजकांनी माझा वळणाचा खांब ‘गाडी अडते’ म्हणून अलीकडे सरकवला होता. कोणत्या शर्यतीत ते सांगत नाही.

१९८१ साली न्यूयॉर्कला अल्बर्टो सालाझार २:०८:१३ मध्ये धावला, जुना विक्रम वीसेक सेकंदांनी मोडला. नंतर मोजलं तर कोर्स १४८ मीटर आखूड. त्याच्या वेगानं ते सत्तावीस सेकंद होतात. विक्रम गेला. आता ते ४२ मीटर काढायचे म्हणता?

घड्याळात जास्त आलं तर खुशाल वैतागा. ४१.९ आलं तर मात्र मला ताबडतोब कळवा.