नव्याने आलेल्या निर्वासितांना सरकारी रोजगार कार्यालयाचा खरंच उपयोग होतो, की नुसती नावनोंदणीच होते?

उपयोग होतो. पण किती होईल, हे पहिल्या मुलाखतीला तिथला माणूस किती वेळ देतो यावर ठरतं. मी ठाणे जिल्ह्यात सेवायोजन कार्यालयात नोकरी केली आहे. लोक त्याला एक्स्चेंजच म्हणायचे. ‘शिक्षण काय?’ विचारलं की समोरचा एका शब्दात उत्तर देऊन गप्प व्हायचा. ‘आजवर काय काय कामं केलीत?’ विचारलं की बोलायला लागायचा, आणि कार्डावर लिहिण्याजोगं खरं तेव्हा सापडायचं. ज्याचे दाखले घरासकट मागे राहिले, त्याला तर हा दुसरा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा.

आपल्याकडची एक्स्चेंजं जुलै १९४५ मध्ये सुरू झाली ती युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना नागरी कामधंद्याला लावण्यासाठी. दोन वर्षांत फाळणी झाली आणि विस्थापितांना काम शोधून द्यायची जबाबदारी याच यंत्रणेवर आली. सर्वांसाठी ती खुली झाली १९४८ च्या सुरुवातीला. म्हणजे कॉल लेटरची वाट पाहणारे पदवीधर या रांगेत तिसरे.

सिंधमधून आलेले सुमारे लाखभर लोक तेव्हा कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत राहिले. ८ ऑगस्ट १९४९ ला त्या वस्तीचं नाव उल्हासनगर झालं, तरी पत्ता सांगताना आजही ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प चार’ असंच सांगतात. त्यांच्यात सरकारी नोकरी केलेले होते, शिक्षक होते, त्यांना एक्स्चेंजचा मार्ग सरळ होता. पण बरेच जण व्यापारी. सैनिकाकडे हुद्दा असतो, तो कार्डावर लिहिता येतो आणि जुळणारी जागा शोधता येते. पेढी चालवलेल्या माणसाला कुठल्या रिकाम्या जागेवर पाठवणार? त्याला हवं असतं भांडवल, गाळा आणि उधारीवर माल देणारा कुणीतरी. विस्थापितांना धंद्यासाठी कर्ज द्यायला १९४८ मध्ये कायदा करून पुनर्वसन वित्त प्रशासन ही वेगळी संस्था काढली गेली, ती मला या सगळ्यातली फार शहाणपणाची गोष्ट वाटते. रोजगार कार्यालयाने ‘हा माणूस नोकरीचा नाही, धंद्याचा आहे’ हे ओळखून त्याला योग्य दारात पाठवणं, हेसुद्धा कामच आहे. आकडेवारीत ते दिसत नाही, म्हणून त्याची किंमत कुणी करत नाही.

आताचं उदाहरण हवं असेल तर जर्मनी पाहा. तिथे संरक्षण मिळालेला निर्वासित जॉबसेंटरकडे जातो. हे केंद्रीय रोजगार संस्था आणि स्थानिक पालिका बहुतेक ठिकाणी मिळून चालवतात. उदरनिर्वाहाचा भत्ता आणि नोकरीचा सल्ला एकाच छताखाली. भाषेच्या वर्गालाही तेच पाठवतात. नेहमीचा अभ्यासक्रम ७०० तासिकांचा, त्यातल्या ६०० भाषेच्या आणि उरलेल्या तिथले कायदे, इतिहास, रीतिरिवाज यांच्या. परदेशी पात्रतेला मान्यता देण्याचा कायदा १ एप्रिल २०१२ पासून लागू आहे. त्यात एक सोय फार मोलाची आहे: कागद हरवले असतील तर जाणकारांसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं. वायरमनने वायरिंग करून दाखवावं, सुताराने जोड करून दाखवावा, आणि त्यावरून पात्रता ठरावी. ही सोय आपल्या एक्स्चेंजांत स्थलांतरित कारागिरांसाठी असती तर किती जणांची हेल्परच्या पगारातून सुटका झाली असती!

भारतात मात्र आज गाडी आधीच अडते. १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सही नाही आणि निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. त्यामुळे काम करण्याचा हक्कच धड नसलेल्या माणसाला रोजगार कार्यालय कितीही चांगलं असलं तरी काय देणार?

राहिला खरा वादाचा मुद्दा: आधी भाषा की आधी काम? १ जून २०२२ पासून युक्रेनचे निर्वासितही जर्मनीत जॉबसेंटरकडे गेले आणि हा वाद पुन्हा पेटला. एका बाजूचं म्हणणं, वर्गात बसवून वर्षं घालवू नका, मिळेल त्या कामाला लावा. दुसरी बाजू म्हणते, नर्सला भांडी घासायला लावलंत तर ती तिथेच अडकेल. मला दुसरी बाजू जास्त पटते, कारण पहिल्या कामावरून माणसाची ओळख ठरते आणि पुढचा मालक तेच पाहतो. पण नुसत्या वर्गातही माणूस खचतो. म्हणून सकाळी वर्ग आणि दुपारी त्याच्याच क्षेत्रातलं खालच्या पायरीचं काम, म्हणजे नर्सला रुग्णालयात मदतनीस म्हणून, अशी जोडणी जे कार्यालय करून देतं, त्याचा उपयोग झाला असं मी म्हणेन.