यादीआधी नळी बघ

ठाणे

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. जठराच्या कर्करोगात वाढणाऱ्या-घटणाऱ्या मायक्रोआरएनएंची यादी लांबलचक झालीय, पण त्यातला एकही नेमकं काय करतो ते कळेना.

मायक्रोआरएनए म्हणजे जेमतेम 22 न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे 22 दुव्यांचा, आरएनएचा तुकडा. स्वतः प्रथिन बनवत नाही, प्रथिन बनवण्याचा निरोप नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटून त्याचं काम बंद पाडतो. अ‍ॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांनी तो 1993 साली सूत्रकृमीत दाखवला. नोबेल मिळालं 2024 साली. (सहा महिन्यांत पेपर मागणाऱ्या तुझ्या सरांच्या कानावर हे घाल.)

तू एकच धर. मिर-21 (21 क्रमांकाचा मायक्रोआरएनए) घे. जठराच्या गाठीत तो वाढलेला असतो आणि पेशींच्या वाढीला आवर घालणाऱ्या पीटेन जनुकाला दाबतो. पण स्तनाच्या, फुफ्फुसाच्या, आतड्याच्या कर्करोगातही हाच वाढतो. तेव्हा रक्तात जास्त दिसला म्हणून लगेच जठराकडे बोट दाखवू नकोस. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जठरातल्या जिवाणूमुळे आलेल्या नुसत्या सुजेनेही काही मायक्रोआरएनए वर-खाली होतात. म्हणून तुलनेला फक्त धडधाकट विद्यार्थी नकोत, जठरदाहाचे रुग्णही हवेत. हे आताच ठरव, नंतर नमुने मिळता मिळत नाहीत.

आता रक्ताचं. घोडबंदर रोडच्या कोंडीत अडकत अडकत नमुना ठाण्याहून खारघरला येतो, तोही मे महिन्यात. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, गुलाबी दिसलं की नळी बाजूला. लाल पेशी फुटल्या की त्यातले मिर-451 आणि मिर-16 सीरममध्ये उतरतात. आणि गंमत बघ, बरेच जण मिर-16 लाच न बदलणारा संदर्भ धरून बाकीचे आकडे काढतात! मिर-23ए त्यामानाने स्थिर राहतो; त्याच्याशी मिर-451 ताडून बघ. डोळ्यांना न दिसणारी लाली 414 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजली की दिसते. रक्त कधी काढलं, सेंट्रिफ्यूज कधी केलं, दोन्ही वेळा नळीवरच लिही, वहीत नंतर लिहू म्हणशील तर राहूनच जाईल.

मिर-21 पीटेनला खरंच दाबतो का, ते ल्युसिफरेज या प्रकाश देणाऱ्या विकरावर तपास. मिर-21 पीटेनला चिकटतो ती जागा ठेवून प्रकाश कमी झाला की लगेच खूश होऊ नकोस. तीच जागा मुद्दाम बिघडवून पुन्हा मोज. प्रकाश पूर्ववत आला तर मिर-21 नेच दाबलं म्हणता येईल. कमीच राहिला, तर दाबणारा दुसराच कोणीतरी आहे, मग प्लेट घेऊन थेट माझ्याकडे ये.

तुझी,
काकू