चौथीतला धाकटा आणि खाड्यांची वही

"मॅडम, घरी ह्याचा अभ्यास कसा घ्यायचा तेवढं सांगा." लातुरात प्राथमिक शाळेतल्या मुलांचे पालक माझ्याकडे येतात, ते बहुतेक वेळा ह्याच वाक्यानं सुरुवात करतात. त्यांना यादी हवी असते. सोमवारी काय, मंगळवारी काय, कुठलं पुस्तक, मोबाइलवर कुठलं चॅनल. मी यादी देत नाही आणि त्याचा काहींना रागही येतो. का देत नाही, ते एका कुटुंबाच्या निमित्तानं सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

कुटुंब औसा तालुक्यातल्या एका गावचं. थोरली मुलगी अकरावीला, डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेची तयारी करते. तिच्यासाठी आई दोन्ही लेकरांना घेऊन शिकवण्यांच्या भागात दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिली आहे. वडील गावी शेती बघतात, शनिवारी येतात. अशी घरं लातूरला नवी नाहीत. भाड्याला हातभार म्हणून आई आसपासच्या खोल्यांवरच्या पोरांना जेवणाचे डबे देते. धाकटा चौथीत, सेमी इंग्रजी शाळेत. तक्रार त्याच्याबद्दल होती.

"थोरलीला कधी बस म्हणावं लागलं नाही. हे लेकरू पुस्तक बघितलं की पोट दुखायलंय म्हणतंय. बसंना झालंय मॅडम." पिशवीतून तिनं एक जाड पुस्तक काढलं. नवोदय ह्या केंद्राच्या निवासी शाळांच्या प्रवेश परीक्षेचं. ती परीक्षा पाचवीत असते, पण पुस्तक चौथीतच आलं होतं आणि त्यातली रोज दोन पानं सोडवून घेणं चालू होतं.

लातूर पॅटर्न म्हणून जे महाराष्ट्रभर ओळखलं जातं, ते दहावी-बारावीच्या मुलांसाठी उभं राहिलेलं तंत्र आहे: नेमका अभ्यास, भरपूर सराव, चाचणीवर चाचणी. त्याचं त्या वयात काय व्हायचं ते होवो. पण थोरल्या भावंडाचं वेळापत्रक भिंतीवर चिकटलेलं असलं की तेच छोटं करून धाकट्याला लावायचा मोह होतो. नऊ वर्षांच्या पोराला 'टेस्ट सिरीज' लावणारी घरं मी बघते. त्यांच्या कष्टाबद्दल मला शंका नाही, दिशेबद्दल आहे.

अशा वेळी आधी दोन गोष्टी तपासून घ्यायला सांगते: डोळे आणि कान. फळ्यावरचं धूसर दिसणारं मूल आळशी ठरवलं गेल्याचं मी अनेकदा पाहिलंय. ह्या मुलाचं दोन्ही ठीक होतं. अडखळत का होईना, पण चौथीचा धडा तो वाचत होता. चांगलं शिकवूनही मूल तिसरी-चौथीत अक्षरंच ओळखेना, रोजचे शब्द रोज नव्यानं वाचू लागलं, तर गोष्ट वेगळी. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येते आणि तिची रीतसर तपासणी होते. तिथं घरच्या उपायांवर वर्ष घालवू नये.

मग मी आईला म्हटलं, कालची संध्याकाळ सांगा. तो शाळेतून आल्यापासून झोपेपर्यंत. तुम्ही त्याला काय काय विचारलंत, तेवढंच आठवा.

तिनं आठवून सांगितलं. गृहपाठ काय दिलाय? सात अठ्ठे किती? हे काय लिहिलंय, परत वाच. महाराष्ट्राची राजधानी? सदुसष्ट लिही. चुकलास, परत लिही. रात्री वडिलांचा फोन: अभ्यास झाला का? मी विचारलं, "ताई, ह्यातल्या किती प्रश्नांची उत्तरं तुम्हाला आधीच माहीत होती?" ती हसली. "सगळ्याच की. मला माहीत नसल्यावर ह्याला कसं विचारू?"

माझं म्हणणं त्या वाक्यापाशीच आहे. शाळेत शिक्षक असे प्रश्न विचारतात, ते त्यांचं कामच आहे. घरीही दिवसभर तेच चाललं, तर लेकराच्या दृष्टीनं घर म्हणजे न संपणारी तोंडी परीक्षा. बरोबर उत्तर दिलं तर कुणाचं काही अडलेलं सुटत नाही, चुकलं तर मात्र बोलणी. पोट दुखणारच.

बोलता बोलता आई डब्यांचं सांगत होती. "बावीस डबे जातेत रोज." तोवर गप्प बसलेला धाकटा खाली बघतच म्हणाला, "तेवीस. सोमवारपासून एक वाढलाय की. आन गुरुवारी एकवीस, दोघांला उपास असतोय." मग कुणाला भात नको, कोण शनिवारी गावाला जातो, कुणाचा डबा न उघडता परत येतो, हे सगळं त्यानं सांगितलं. सात अठ्ठे छप्पन्न म्हणायला जीभ न उचलणारा हाच मुलगा होता.

डबे देणाऱ्या घरात महिनाअखेरीला एकच वाद असतो, खाड्यांचा. पोरगं म्हणतं मी सहा वेळा जेवलो नाही, आई म्हणते चारच खाडे झाले. हिशेब तिच्या डोक्यात आणि कॅलेंडरवरच्या खुणांत. तिला हे खरंच नेमकं माहीत नव्हतं आणि त्यापायी पैसे जात होते. मी सुचवलं की खाड्यांची वही धाकट्याकडे द्या. उभ्या रकान्यात नावं, आडव्या ओळीत तारखा, सकाळ-संध्याकाळ दोन खुणा.

वडिलांना हे अजिबात रुचलं नाही. फोनवर सरळ विचारलं, "लेकराला शिकवायला आणलंय का खानावळीत लावायला?" प्रश्न रास्त होता. म्हणून अटी ठरवल्या. डबे पोचवणं, भांडी घासणं त्याच्याकडे नाही. वही दिवसाला पंधरा-वीस मिनिटांपेक्षा जास्त नाही. शाळेचा गृहपाठ आधी. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणात दुसरीपर्यंत गृहपाठच नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं म्हटलंय. प्रत्यक्षात किती शाळा ते पाळतात हा भाग सोडा, पण रोज दोन तास बसवलंच पाहिजे असा धाक घ्यायचं कारण नाही, एवढं वडिलांना सांगता आलं. आणि शेवटची अट आईसाठी: वहीत चूक दिसली तरी लगेच बोट ठेवायचं नाही.

ही शेवटची अट तिला सर्वांत जड गेली.

पहिल्याच पानावर नावांनी परीक्षा घेतली. सूर्यवंशी, क्षीरसागर, बिराजदार. सूर्यवंशीतला रफार त्यानं 'सू'वरच दिला होता. आई गप्प बसली. दोन दिवसांनी त्याच पोराच्या बॅगेवर लिहिलेलं नाव बघून त्यानं स्वतःच ते खोडलं. पुढं एकदा एकाचा खाडा भलत्याच तारखेला पडला आणि त्या पोरानं तक्रार केली. धाकट्यानं वही मागं चाळली. एक रविवार ओळीतून सुटल्यामुळं पुढच्या सगळ्या खुणा एक-एक घर सरकल्या होत्या. तेव्हापासून तो रविवार लाल पेन्सिलीनं आखतो. ही युक्ती त्याला कुणी सांगितलेली नाही. चूक दाखवायचं काम वहीनंच केलं, त्यामुळं आईला रागवायची वेळच आली नाही.

वही चालू झाल्यावर पोळ्यांचा प्रश्न आपोआप आला. डब्याला चार पोळ्या, तेवीस डबे, म्हणजे ब्याण्णव. एका किलो कणकेच्या किती होतात, हे आईच्या हाताला ठाऊक होतं, आकड्यात नव्हतं. त्यानं मोजल्या. दोन दिवस मोजल्या आणि आकडा वेगवेगळा आला. का आला, ह्यावर मायलेकरांचं बराच वेळ बोलणं झालं म्हणे. गणिताच्या तासाला ह्याहून चांगलं काय घडतं, मला माहीत नाही.

सदुसष्टचा घोळ मात्र स्वतंत्रपणे बघावा लागला, कारण सेमी इंग्रजीतल्या अनेक घरांत तो असतो. आई सदुसष्ट म्हणाली की हा ७६ लिहायचा आणि धपाटा खायचा. शाळेत तो सिक्स्टी सेव्हन ऐकतो, तिथं साठ आधी आणि सात नंतर. मराठीत सात आधी येतात, साठ नंतर. ऐकलेल्या क्रमानं आकडे मांडले की ७६ होतात, म्हणजे पोरगं लक्षच देत नाही असं म्हणता येत नाही. एकोणसत्तरला तर सत्तर ऐकू येतात आणि लिहायचे असतात ६९. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. त्या वादात मला पडायचं नाही. घरी एवढंच करायला सांगितलं: महिन्याचे खाडे मोजताना आकडा तीनदा म्हणायचा. सिक्स्टी सेव्हन, साठ नि सात, सदुसष्ट. आई दहावीपर्यंत मराठीत शिकलेली. "मला इंग्रजी येत नाही, मी काय घेणार अभ्यास" हे तिचं जुनं दुखणं. इथं उलट तिची मराठीच कामाला आली.

राहिलं वाचन. घर दोन खोल्यांचं, एकीत थोरली अभ्यासाला बसलेली. मोठ्यानं वाचायची चोरी. पण मोठ्यानं न वाचता चौथीतल्या मुलाचं वाचन सुधारायचं कसं? गावी आजी आहे. तिला वाचता येत नाही, पण नातवाच्या आवाजाची भुकेली. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं आणि त्याचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. ठरलं असं की धाकट्यानं गच्चीत जाऊन त्यातल्या गोष्टीचं एक पान वाचायचं आणि तो आवाज वडिलांच्या मोबाइलवर पाठवायचा. संध्याकाळी वडील तो आजीला ऐकवतात. नीट वाचलं नाही तर आजीला कळत नाही आणि ती तसं सांगते: "काय म्हणलास कळलं नाही, परत सांग." एका पानाला तो सुरुवातीला चार-चार वेळा रेकॉर्ड करायचा. आई वाचून घ्यायची तेव्हा दुसऱ्यांदा वाच म्हटलं की रडायचा.

पाढे? ते पाठच करावे लागतात. खेळातून आपोआप येतील असं मी कुणाला सांगत नाही. रोज दहा मिनिटं, चालता चालता, मोठ्यानं. गंमत वाटली नाही तरी चालेल.

तुमच्या घरी डब्यांचा धंदा नसेल. नको. पण घरातल्या माणसाला खरोखर माहीत नसलेलं आणि हवं असलेलं काहीतरी प्रत्येक घरात असतं. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या वस्तीत दोनशे लिटरचं पिंप किती दिवस पुरतं? कपडे धुतले त्या दिवशी किती उतरतं? आजोबांच्या गोळ्या कुठल्या तारखेला संपतील? कापूस वेचणीचे किलो आणि हातात आलेले पैसे जुळतात का? वेळ अमावस्येला शेतात किती माणसं येणार आणि आंबिलीला ताक किती लागेल? ज्यांचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि लेकरू आजीपाशी आहे, त्यांना तर मी एवढंच सांगते की फोनवर "अभ्यास केलास का" विचारू नका. शेळी व्याली का, तिला किती पिल्लं, दुकानदाराची उधारी किती झाली, हे विचारा आणि त्याला ते लिहून ठेवायला लावा. थर्माकोलचे प्रकल्प आणि रंगीत वर्कशीट ह्यांच्याशी माझं वैर नाही. पण ते बहुधा रात्री अकराला आईच पूर्ण करते, हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे.

नवोदयच्या पुस्तकाबद्दल आईशी सविस्तर बोलले. त्या परीक्षेत दोन तासांत ऐंशी प्रश्न असतात. त्यातले वीस भाषेचे, उतारे वाचून उत्तरं द्यायची. अंकगणिताचे वीस, तेही वाचून समजल्याशिवाय सुटत नाहीत. वाचन अडखळत असताना पुस्तकाची दोन पानं रोज घोटून काय मिळतंय, असं विचारलं. तिला पटलं, निदान तिनं तसं म्हटलं.

आता पोट दुखणं जवळजवळ थांबलंय. वाचनाला थोडा वेग आलाय, फार नाही. शाब्दिक उदाहरणं अजून अडतात. गुणायचं का भागायचं हे त्याला कळत नाही आणि तो अंदाजानं काहीतरी करून टाकतो. शाळेत चाचणी लागली की आई पुन्हा प्रश्नांवर येते, थोरलीच्या चाचणीचे गुण कमी आले तर जास्तच. ते मला ती स्वतःच सांगते. वहीतल्या खाड्यांवरून गेल्या महिन्यात एकाही पोराशी वाद झाला नाही.

नवोदयचं पुस्तक पाचवी लागल्यावर उघडायचं असं आम्ही ठरवलंय. वडिलांना हे मान्य नाही. त्यांच्या मते तोवर उशीर होईल. पुढच्या शनिवारी ते स्वतः भेटायला येणार आहेत आणि येताना शेजारच्या गावातल्या नवोदयला लागलेल्या मुलाचं वेळापत्रक घेऊन येणार आहेत.