किर्लोस्करांनी नांगराची ‘नक्कल’ केली म्हणणाऱ्यांनी एकदा ओतकाम करून बघावं

लक्ष्मणराव किर्लोस्करांकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती, नांगर विलायती नांगरांवर बेतलेला होता, मग त्यांना संशोधक का म्हणायचं, असं तुम्ही विचारलंय.

पदवी नव्हती, बरोबर. जे. जे.त चित्रकला शिकायला गेले, रंगांधळेपणामुळे ती सुटली. मग यांत्रिक ड्रॉइंग शिकून व्हीजेटीआय या मुंबईच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवलं. बढतीत डावललं तेव्हा नोकरी सोडून बेळगाव गाठलं. आधी सायकली, मग कडबा कापायचं यंत्र, १९०३ मध्ये लोखंडी नांगर.

‘नक्कल’ हा शब्द मात्र मला झोंबतो. माझा थोरला भाऊ बी. ई. आहे, तोही हेच म्हणतो: समोर वस्तू असली की नक्कल कुणीही करेल.

मी पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून पाडतात तो लाकडी नमुना (पॅटर्न) करणारा. नवीन होतो तेव्हा पंपाचं फुटलेलं बिडाचं (ओतीव लोखंडाचं) झाकण माझ्याकडे आलं. मी तुकडे जुळवले, मापं घेतली, सागवानात हुबेहूब पॅटर्न केला. ओतकाम झालं, निवल्यावर माती झाडली, मोजलं तर तीनशे मिलिमीटरला तीन कमी. बीड निवताना शेकडा एक आकसतं. खरादून काढायलाही माल उरला नव्हता. झाकण भंगारात, दोन दिवसांची मजुरी गेली. त्या रात्री भाऊ म्हणाला, “मापं घेऊनही जमलं नाही?” अरे, मापं घेतली म्हणूनच जमलं नाही!

किर्लोस्करांना तर हे बेळगावात, लोखंडाने जमीन विषारी होते असं मानणाऱ्या शेतकऱ्यांसाठी करायचं होतं. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. पुढे जागाही सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी, पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाचा माळ दिला. १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तर कोल्हापूर दरबारच्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले. याला नुसती नक्कल म्हणणारा माणूस भट्टीजवळ उभाच राहिलेला नाही.

हे सगळं त्यांनी एकट्याने केलं नाही, हेही सांगायला हवं. भाऊ रामूअण्णा, सहकारी शंभोराव जांभेकर यांच्याशिवाय कारखाना चालला नसता. आणि नांगराची मूळ कल्पना त्यांची नव्हती, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

तरी जवळच्या फाउंड्रीत जा आणि पॅटर्नमेकरची पट्टी मागून घ्या. तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा थोडा मोठा असतो, बीड जेवढं आकसतं तेवढा. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून बघा. दिवाळीला भाऊ येईल तेव्हा मी त्याच्यापुढेही ठेवणार आहे.