बासष्ट बॉक्स आणि एक एफडी

प्रश्न : वय ५६, भोसरीतल्या कारखान्यात नोकरी, निवृत्तीला चार वर्षं. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या जुन्या ध्वनिमुद्रणांचे सीडी बॉक्स सेट जमवतो. एरंडवण्यातले एक ज्येष्ठ संग्राहक मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे चाललेत. त्यांचे ६२ बॉक्स, साधारण १,९०० सीडी, ते ३ लाख ६० हजारांना द्यायला तयार आहेत, पण घेतले तर सगळे घ्यायचे. काहींच्या किमती परदेशी साइटवर तिप्पट दिसतात. आईच्या आजारपणासाठी ठेवलेली ८ लाखांची एफडी मोडून गुंतवणूक म्हणून घेऊ का? पत्नी म्हणते, हा निव्वळ खर्च आहे. (कर्वेनगर)

उत्तर : एफडी मोडू नका. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल. मुदतीआधी मोडल्यावर बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, पण तो मुद्दा किरकोळ आहे. आईंना रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यावं लागलं, तर काउंटरवर बॉक्स सेट चालत नाहीत.

आता वहिनींच्या मुद्द्याकडे. त्यांचं बरोबर आहे, आणि ते का, हे त्या ६२ बॉक्समध्येच दिसेल. जर्मन संगीतसंचालक (कंडक्टर) फुर्टवेंगलरने २९ जुलै १९५१ ला जर्मनीतल्या बायरॉइटला केलेली बेथोवनची नववी सिंफनी त्यात नक्की असणार. ती एलपीवर आली १९५५ मध्ये. तेव्हापासून किती वेळा नव्याने निघाली, याची मोजदाद तुमच्यासारखेच करू जाणे. पुढे बव्हेरियन रेडिओच्या टेपवरून वेगळी सीडी आली, २०२१ मध्ये स्वीडिश रेडिओच्या टेपवरून आणखी एक. दर वेळी ‘हाच खरा आवाज’ म्हणून जुन्या प्रतीचा भाव पडतो. सोनं असं कुणाच्या मनात आलं म्हणून वाढत नाही. इथे मात्र कंपनीच्या मनात आलं की पुढच्या वर्षी पुन्हा नवा बॉक्स, नवं रीमास्टर (म्हणजे जुनीच टेप, आवाज साफ करून), आणि बहुतेकदा आधीपेक्षा स्वस्त. त्यात युरोपात १९६२ पर्यंत प्रसिद्ध झालेली ध्वनिमुद्रणं हक्कमुक्त झाली आहेत, आपल्याकडे ही मुदत ६० वर्षांची आहे. म्हणजे मूळ कंपनी गप्प बसली तरी दुसरं कुणीतरी काढतंच.

तिप्पट किमतीचं म्हणाल, तर ती मागितलेली किंमत आहे. कोथरूडमध्ये शेजारच्या फ्लॅटला दीड कोटी ‘सांगतात’, तसंच. झालेले सौदे बघा. आणि विकायची वेळ आली तर पुण्यात गिऱ्हाईक किती? कॅम्पात माझदा हॉलला पियानो ऐकायला जमतात, त्यातलेच काही. परदेशी पाठवायचं तर टपालखर्च बॉक्सच्या किमतीला भिडतो. शिवाय घेणारा सहा चांगले उचलतो, छप्पन्न तुमच्याकडेच राहतात.

करातही एक गंमत आहे. स्वतःच्या वापराची जंगम वस्तू आयकर कायदा भांडवली मालमत्ता मानत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं अशांचा अपवाद. ऐकण्यासाठी घेतलेल्या सीडी पुढे नफ्यात गेल्या, तरी सहसा त्यावर कर नाही. पण ‘गुंतवणूक म्हणून घेतल्या’ असं तुम्हीच लिहून ठेवलंत, तर ही सवलत स्वतःच्या हाताने घालवलीत.

खर्चच आहे म्हटल्यावर माझं काम सोपं होतं. खर्चाला परतावा विचारत नाहीत, तो परवडतो का आणि वापरात येतो का, एवढंच बघतात. ३ लाख ६० हजार भागिले १,९०० म्हणजे डिस्कमागे जेमतेम १९० रुपये. स्वस्त आहे, कबूल. पण रोज एक ऐकली तरी पाच वर्षांहून जास्त लागतील, आणि तुम्ही संध्याकाळी सात वाजता भोसरीहून घरी पोचता. एकट्या पियानोवादक रुबिन्स्टाइनच्या २०११ च्या बॉक्समध्ये १४२ सीडी आहेत. तुमच्याकडे आधीच असलेल्यांपैकी किती अजून प्लॅस्टिकमध्ये आहेत, ते मोजून बघा. (माझ्याकडे कुमारांच्या कॅसेटी आहेत, त्या वाजवायचा डेक बंद पडून सहा वर्षं झाली. तेव्हा हे मी उपदेश म्हणून बोलत नाही.)

तुमच्या पत्रानुसार एसआयपी आणि घरखर्च जाऊन महिन्याला १५ हजार उरतात, दिवाळीचा बोनस वेगळा. त्या बोनसमधले ९० हजार यात घालायला माझी हरकत नाही. पण सगळे ६२ घ्यायची अट आहे. त्यावर जुनाच तोडगा आहे. १९३१ मध्ये रेकॉर्ड कंपनीतल्या वॉल्टर लेगने ह्यूगो वोल्फ या संगीतकाराची गाणी ध्वनिमुद्रित करायला आधी ५०० वर्गणीदार गोळा केले होते. पियानोवादक श्नाबेलने वाजवलेल्या बेथोवनच्या सोनाटाही अशाच वर्गणीवर निघाल्या. आपली प्रकाशनपूर्व सवलतच म्हणा. तुम्हाला ५०० नकोत, आणखी तिघं मिळाले तरी पुरे. चौघांनी मिळून सगळा लॉट उचला, गृहस्थांची अट पाळली जाईल, आणि प्रत्येकाच्या वाट्याला ९० हजार येतील. त्यांना निघायची घाई आहे म्हणून भाव मात्र पाडू नका. आयुष्यभर जमवलेलं घर रिकामं करताना माणूस तसाही पडेल भावातच देत असतो.

बघायला जाल तेव्हा टॉर्च न्या. जुन्या जाड बॉक्समध्ये डिस्कवर फोमचा तुकडा ठेवलेला असतो. वर्षांनी तो विरघळून चिकटतो आणि डिस्क खातो. मी स्वतः जुन्या बाजारातून घेतलेल्या एका सेटमध्ये चारपैकी दोन डिस्क अशा गेल्या होत्या, आणि मी ते घरी आल्यावर पाहिलं. कडेला तांबूस झाक आलेल्या डिस्क बाजूला काढा. पुस्तिकांचा वास घ्या. पुण्याच्या पावसाळ्यात माळ्यावर राहिलेल्या असतील तर बुरशी लगेच कळते. एखादी वाजवून बघायची तर शेवटचा ट्रॅक लावा, कारण सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि खराबी बहुधा बाहेरच्या कडेकडून सुरू होते.

आणि त्या १९५१ च्या नवव्या सिंफनीच्या तीन प्रती निघाल्या, तर दोन बाकीच्यांच्या वाट्यात टाका.