तीन बंदुकांची छोटी सायकल विलायती की मद्रासची?

तुम्ही विचारलंय की धुळ्याच्या जुन्या घराच्या माळ्यावर वडिलांची लहानपणची वीस इंची सायकल सापडली, पुढे तीन बंदुकांचा बिल्ला आहे, तर ती इंग्लंडची का? आणि रंगवून घ्यावी का?

रंगवू नका. बाकीचं सावकाश सांगतो.

चाळीसगावला आमचं सायकलचं दुकान होतं. छोट्या सायकली विकण्यापेक्षा भाड्यानेच जास्त जायच्या, मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर टाकलेला असे. तुमच्या सायकलीवर तसा नंबर पुसट दिसतोय का, बघा. दिसला तर ती वडिलांकडे यायच्या आधी गावभर फिरलेली आहे.

तीन बंदुका ही बीएसएची खूण. बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स. १८६१ साली बंदुका घडवणाऱ्या कारागिरांनी काढलेली ही कंपनी, सायकली नंतर आल्या. पण बिल्ला विलायती म्हणून सायकल विलायती ठरत नाही. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्स उभी राहिली, मुरुगप्पा घराणं आणि बर्मिंगहॅमची ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स यांच्या भागीत. सुरुवात हर्क्युलिसने झाली, पुढे बीएसएही तिथेच बनू लागली. खान्देशात मी हाताळलेल्या तीन बंदुकावाल्या जवळजवळ सगळ्या अंबत्तूरच्या. त्या काळात आसनसोलची सेन-रॅले आणि वरळीची हिंदही चालायची.  

खरी गंमत पुढे आहे. सायकल दुकानात तयार येत नसे. सुटे भाग रेल्वे पार्सलने यायचे आणि जोडणी आम्ही करायचो. फ्रेम एका कंपनीची, सीट, पायडल, चेन लुधियानाच्या कुठल्या तरी छोट्या कारखान्याची. आमचा जुना मिस्त्री म्हणायचा, "हाई सायकल येक घरनी नही शे, भो!" म्हणजे ही सायकल एका घरची नाही. त्यामुळे नुसत्या बिल्ल्यावर जाऊ नका. बिल्ला चार आण्यांच्या रिबिटने कुठेही बसतो.

सायकल उलटी करा. पायडलची दांडी जिथून जाते त्या नळीच्या पोटाला आणि सीटखालच्या जोडावर चिकट काळा थर असेल. तो रॉकेलच्या फडक्याने हळू पुसा, लोखंडी ब्रश लावू नका. खाली ठोकलेले आकडे निघतील. मग हबवर (चाकाच्या मधल्या भागावर), रिमवर, क्रँकवर (पायडल जोडलेल्या हातावर) बघा. 'मेड इन' पुढे काय आहे ते तिथे ठोकलेलं सापडतं. फ्रेमवर इंग्लंड आणि हबवर इंडिया असंही निघू शकतं, त्यात फसवणूक नाही, दुरुस्ती आहे.

रंगाबद्दल बोलतोय ते स्वतःच्या चुकीमुळे. घरच्या छोट्या सायकलीला मी हौसेने निळा ऑइलपेंट मारला, आणि चेनकव्हरवरची मूळ अक्षरं कायमची गेली. क्रोमवरचा गंज अ‍ॅल्युमिनियमच्या चुरगळलेल्या फॉइलने, पाणी लावून घासला की बराच निघतो. बेअरिंगमधले छर्रे मात्र नवे टाका, जुने वाचवण्यात अर्थ नाही. कॉटर, म्हणजे क्रँक दांडीला घट्ट धरणारी खीळ, अडकला असेल तर रात्रभर तेलात भिजवा, खाली लाकडी ठोकळ्याचा आधार द्या आणि मगच हातोडा लावा. आमच्याकडे घाईत क्रँक वाकवलेली पोरं मी बघितली आहेत. त्यातलं एक मीच.