गॉलला जायचंय : वाचकांचे प्रश्न

श्रीलंकेच्या दक्षिण टोकाजवळचं गॉल हे किल्ल्याचं शहर. त्याबद्दल खानदेशातून आलेल्या पत्रांना ही उत्तरं.

मे महिन्यात जावं की दिवाळीत? कोलंबोहून सकाळी निघून संध्याकाळी परतलं तर चालेल का?
– एक शिक्षिका, चोपडा

मे नको. नैर्ऋत्य मोसमी पाऊस त्या किनाऱ्यावर आपल्याआधी पोचतो, समुद्र खवळतो आणि बोटी बंद पडतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुपारनंतर गडगडाटी सरी येतात, त्यामुळे दिवाळीत गेलात तर बाहेरची कामं सकाळीच उरका. डिसेंबर ते मार्च हा सर्वांत चांगला काळ.

एका दिवसाचा बेत मात्र बदला. तसं केलंत की किल्ल्यात नेमके भर उन्हात पोचाल आणि तटावर कुठेही सावली नाही. तिथला पारा एकतीसच्या आसपास असतो. जळगावचे चव्वेचाळीस सोसलेल्याला तो किरकोळ वाटेल, पण हवेतल्या दमटपणामुळे घाम वाळत नाही, तासाभरात पाय गळतात. एक मुक्काम किल्ल्याच्या आतच करा. सकाळी सहाला घड्याळाच्या मनोऱ्यापासून निघा. निवांत चालत दीड तासात तटाची फेरी पूर्ण होते.

सूर्य, चंद्र आणि तारा हे तीन बुरूज जमिनीच्या बाजूला आहेत आणि तट सर्वांत उंच तिथेच आहे, कारण हल्ला त्याच बाजूने होण्याची भीती होती. खाली क्रिकेटचं मैदान दिसतं. पहिला कोट पोर्तुगीजांचा. डचांनी १६४० मध्ये तो जिंकून भक्कम केला, १७९६ मध्ये इंग्रज आले. जुन्या दरवाजाच्या आतल्या अंगाला डच ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह आणि १६६९ हे साल आहे, बाहेरच्या अंगाला इंग्रजी राजचिन्ह. बहुतेक जण बाहेरचं पाहून पुढे जातात, तुम्ही आत शिरल्यावर मागे वळून वर बघा. गॉलमध्येच सापडलेला १४०९ सालचा चिनी, तमिळ आणि फारसी असा तिन्ही भाषांतला शिलालेख आता कोलंबोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तो जाताना पाहून घ्या.

कोलंबो ते गॉल रेल्वेने जायचं आहे. तिकीट, डबा, खिडकी कशी साधावी?
– निवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

स्टेशनचं नाव ‘कोलंबो फोर्ट’. ते आणि गॉलचा किल्ला यांची गल्लत होते, रिक्षावाल्याला पूर्ण नाव सांगा. साध्या गाड्यांचं अनारक्षित तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं. बऱ्याच गाड्या एक स्टेशन अलीकडे, मरदाना इथून सुटतात. तिथे जाऊन बसलात तर जागा मिळते, फोर्टला गर्दी चढते. जाताना उजवी खिडकी धरा, येताना डावी. रूळ काही ठिकाणी लाटांच्या इतके जवळ आहेत की भरतीला तुषार डब्यात येतात. कॅमेरा झाकून ठेवा, दारात उभे राहू नका. साधारण अडीच तास लागतात.

वाटेतल्या हिक्कडुवा स्टेशनच्या थोडं अलीकडे पेरलिया हे गाव आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत ‘समुद्रदेवी’ ही गाडी तिथेच वाहून गेली, सतराशेहून अधिक माणसं गेली. तिथे स्मारक आहे. रेल्वेत आयुष्य घालवलेल्या माणसाने परतताना हिक्कडुवाला उतरून रिक्षाने तिथे जाऊन यावं.

गॉलच्या पुढे मातर शहरापर्यंत जाणार असाल तर गॉलला गाडी उलट्या दिशेने निघते, घाबरून उतरू नका.

आम्ही पक्के शाकाहारी, सोबत सासूबाई. उपाशी राहायची वेळ येईल का?
– एक गृहिणी, अमळनेर

उपाशी राहणार नाही, पण फसू शकता. अडचण मांसाची नाही, ती ‘उंबलकड’ची आहे. सुकवलेल्या टुना माशाचे हे तुकडे नारळाच्या ‘पोल संबोल’मध्ये हमखास असतात, कधी भाजीत आणि डाळीतही पडतात. ‘व्हेज’ म्हटलं की तिथला माणूस मासे वगळेलच असं नाही. म्हणून एक वाक्य पाठ करा : ‘मस एपा, माळु एपा, उंबलकड एपा’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, सुका मासाही नको. ‘सैव’ पाटी असलेली तमिळ खानावळ दिसली तर तिथे निर्धास्त जेवा. वटलप्पम या गोडात आणि कोत्तू या चिरलेल्या रोटीच्या पदार्थात अंडं असतं.

बेकरीत बसलात की न मागता खाऱ्या पदार्थांची ताटली समोर येते. जेवढं उचलाल तेवढ्याचेच पैसे. त्यातला ‘माळु पान’ म्हणजे माशाचा पाव, तो टाळा. सासूबाईंना गाडग्यातलं म्हशीचं दही आणि कितुल माडाचा पातळ गूळ नक्की आवडेल. तिसऱ्या दिवशी नारळाचा कंटाळा येतो, म्हणून शेंगदाण्याची चटणी आणि शेव बरोबर असू द्या. पौर्णिमेला, म्हणजे ‘पोया’ला, सरकारी सुट्टी असते आणि दुकानं कमी उघडतात.

तिथल्या केळीचे दोन-चार कंद आणता येतील का?
– केळी उत्पादक, रावेर

आणू नका. ‘अंबुल’, ‘कोलिकुट्टू’ ही केळी तिथे पोटभर खा, फोटो काढा, पण माती किंवा मुळं लागलेलं काहीही परवाना आणि तपासणीशिवाय भारतात आणता येत नाही. २००३ चा वनस्पती विलगीकरण आदेश तसं सांगतो. त्यामागचं कारण तुमच्या बागेशीच जोडलेलं आहे. पर्णगुच्छ हा विषाणूजन्य रोग भारतात १९४० च्या सुमारास श्रीलंकेतूनच आला असं मानलं जातं. वरून निरोगी दिसणाऱ्या कंदातही विषाणू असतो आणि पुढे मावा ही कीड तो शेजारच्या झाडांवर नेते. एका कंदापायी शिवारातल्या सगळ्यांची लागवड धोक्यात येते.

तापीत पोहून मोठा झालोय. समुद्रात पोहायला हरकत आहे का?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, शिरपूर

लाल झेंडा असेल तर आहे. नदीचा ओढा एका दिशेचा असतो. इथे परतणाऱ्या लाटांचं पाणी एका पट्ट्यातून थेट आत ओढतं आणि सरळ किनाऱ्याकडे पोहणारा त्यातच दमतो. तसं झालं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर निघा, मग वळा. फ्लॅग रॉक या किल्ल्याच्या समुद्राकडच्या बुरुजावरून उड्या मारणारी तिथली मुलं पाण्यातला प्रत्येक खडक ओळखतात. तुम्ही तिथून मारू नका.